कडा वाजवणारा

समुद्राने जमीन खाऊन जे काही ताटात टाकलेलं असतं, त्याला माणसं निसर्गसौंदर्य म्हणतात. या गावचा किनाराही असाच टाकलेला होता. दोन्ही टोकांना काळ्या, कठीण दगडाची दोन नाकं पाण्यात घुसलेली. लाटांनी त्यांना युगानुयुगं धडका मारल्या आणि शेवटी नाद सोडला. मधली जमीन मात्र पोचट निघाली. वर काळ्या दगडाचा जाड थर आणि खाली तांबूस, बोटाने उकरता येईल अशी ठिसूळ माती. लाटा तळची माती कुरतडत, वरचा दगड अधांतरी लोंबकळे, आणि कधीतरी आपल्याच वजनाने खाली येई. मग लाटा त्याचे धोंडे करत, धोंड्यांचे गोटे आणि गोट्यांची वाळू. सुट्टीला आलेली कुटुंबं ज्या वाळूवर चटया टाकून पडत, ती वाळू म्हणजे पूर्वीचा कडाच होता. फक्त त्याचं पडून झालेलं होतं.

शाळेच्या पुस्तकात अशा जागेला उपसागर म्हणतात. गावात नुसतं ‘वाक’ म्हणत.

वाकाच्या आत, कड्याच्या पायाशी, धक्क्याकडे जाणारा रस्ता होता आणि रस्त्याच्या कडेला मासे साफ करायच्या शेडी. एवढी वाईट जागा का निवडली, असं बाहेरचा माणूस विचारी. निवडली नव्हती. कडा आणि पाणी यांच्यामध्ये जेवढी पट्टी उरली होती, तेवढीच गावाला मिळाली होती. शेडीतल्या बायका कड्याकडे पाठ करून बसत. समोर समुद्र दिसतो म्हणून, असं त्या सांगत.

कडा पडतो ही गोष्ट बंदराच्या ऑफिसला मान्य होती. तो कुठे पडणार आहे हे आधी कळावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि त्यासाठी त्यांनी एक माणूस ठेवला होता. हुद्दा ‘कडा-तपासनीस’. गाव त्याला ठोकेदार म्हणे. 

ठोकेदाराचं काम सांगायला सोपं होतं. खवळलेल्या समुद्राचे महिने संपले की वरून दोराने उतरायचं आणि हातोडीने कडा वाजवत जायचं. दगड आतून धड असेल तर टण्ण वाजतो. मागे भेग गेली असेल, तळची माती निसटली असेल, तर ढब्ब वाजतो. टण्ण आला की ठोकेदार ओरडे, “पक्का.” ढब्ब आला की, “पोकळ.” पक्क्या भागाखाली माणसं कामाला बसत. पोकळ भाग पहारी लावून पाडून टाकत. मधलं तिसरं उत्तर नव्हतं, आणि ऑफिसला या पद्धतीचं हेच सगळ्यात जास्त आवडे.

वर दोर धरायला त्याचा मेहुणा असे, बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने रेड्यासारखा आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. दोराचे वेढे एका लोखंडी खुंट्याला घातलेले असत आणि मेहुणा खुंट्याच्या मागे उभा राही. कड्याची कड ढासळती, म्हणून पुढे जायचं नाही असा नियम होता. त्यामुळे खालचा माणूस त्याला कधीच दिसत नसे, फक्त ऐकू येई. “सोड”, “थांब”, “खेच”. या तीन शब्दांवर ठोकेदाराने आपलं निम्मं आयुष्य लोंबकळत काढलं होतं.

त्याच्या कानांचा गावात दबदबा होता. कुणी जुनं घर विकत घ्यायला निघाला की ठोकेदाराला भिंती वाजवायला नेई. होडी घेणारे बूड वाजवून घेत. एका बापाने तर होणाऱ्या जावयाला घेऊन येतो म्हणून सांगितलं होतं. “आणा,” ठोकेदार म्हणाला होता, “पण पोकळ निघाला तर पहार लावीन.” बापाने मग मुलीच्याच पसंतीवर सोडून दिलं.

ज्या माणसाने उभं आयुष्य दगडाला कान लावून हातोडी मारली, त्याचे कान जाणार हे त्याच्याशिवाय कुणालाही कळलं असतं. आधी पक्षी गेले. वाकातले समुद्रपक्षी चोची उघडताना दिसत, पण आवाज येईना. मग किटलीची शिट्टी गेली. मग बायकांचं बोलणं, मग पुरुषांचंही. लोक काही बोलले की तो हसून मान डोलवी. गावात म्हणू लागले की, ठोकेदार वयाबरोबर निवळला. पूर्वी केवढा वाद घालायचा, आता कसं सगळ्यांशी पटतं.

दगडाचा टण्ण आवाजही गेला. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो अर्ध्या कड्यावर होता. हातोडी मारली तर काहीच नाही. पुढे सरकून पुन्हा मारली, पुन्हा काहीच नाही. आणखी थोडं खाली उतरून मारली आणि ढब्ब असा आवाज आला, अगदी स्पष्ट. पोकळ दगडाचा जाड, खालचा आवाज अजून शाबूत होता. तेव्हा दोराला लोंबकळत त्याने एक शोध लावला : ढब्ब ऐकू आला तर पोकळ, आणि काहीच ऐकू नाही आलं तर पक्का. उत्तरं दोनच असल्याने हिशेब जमत होता. कुणाला सांगायची गरज नव्हती. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे, कान गेलेला ठोकेदार हा कोण असतो, हे त्याला माहीत नव्हतं.

दोन वर्षं ही युक्ती चालली. त्याने पोकळ सांगितलेलं पोकळच निघालं आणि पक्कं सांगितलेलं उभं राहिलं. याच काळात त्याच्या हातांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. हातोडीचा हादरा कोपरापर्यंत जाई, पण बोटांना पत्ता नसे. थंडीने असेल, असं त्याने ठरवलं. तेव्हा उन्हाळा होता.

तिसऱ्या वर्षी समुद्र फारच खवळला. पाणी शेडींच्या पत्र्यापर्यंत चढलं, आणि ओसरल्यावर कड्याच्या तळाशी, शेडींच्या बरोबर मागे, माणूस ओणवा होऊन आत जाईल एवढी कपार दिसली. ऑफिसने शहरातून एक भूगर्भवाल्या बाई बोलावल्या. त्यांनी वायरी टाकल्या, यंत्राच्या पेटीकडे बघितलं आणि सांगितलं की, कडेपासून आत एक लांब भेग गेली आहे, शेडी रिकाम्या करा.

“पडेल का?” बंदराच्या साहेबांनी विचारलं.

“पडेल,” बाई म्हणाल्या.

“कधी?”

“ते सांगता येत नाही. या वर्षी पडेल, नाहीतर आपल्या नातवंडांच्या वेळी.”

“मग शेडी मी कुणाच्या वेळी रिकाम्या करू?”

बाईंनी उत्तर दिलं, पण ते लांब होतं. साहेबांनी ठोकेदाराला बोलावून घेतलं. तो उतरला. सगळे खाली उभे राहून बघत होते : साहेब, पेटी घेतलेल्या बाई, मासे सोडून बाहेर आलेल्या बायका. त्यांत त्याची बायकोही होती. त्याने शेडीमागचा कडा वरपासून खालपर्यंत वाजवला. एकही ढब्ब ऐकू आला नाही. तो ओरडला, “पक्का.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या पुन्हा माशांकडे गेल्या. बाई पेटी बंद करताना म्हणाल्या, “तुमच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण माझं मत मी बदललेलं नाही.” ठोकेदाराला यातलं काही ऐकू आलं नाही. त्याने हसून मान डोलवली. बाई शहरात परत गेल्या.

पुढच्या दिवसांत त्याने उरलेला सगळा वाक वाजवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही ढब्ब नाही. त्या वर्षी सगळाच्या सगळा कडा पक्का ठरला. एवढा चांगला निकाल ऑफिसच्या आठवणीत नव्हता. साहेबांनी चहा पाजला.

मग एका सकाळी दाट धुकं पडलं. ठोकेदार आणि मेहुणा धक्क्यावर गुंडाळलेल्या दोराच्या ढिगावर बसले होते. मेहुणा बोलत होता, ठोकेदार मान डोलवत होता. बोलता बोलता मेहुण्याने एकदम तोंड वाकडं केलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. शेजारच्या कुत्र्याने मान वर करून जबडा उघडला. धक्क्यावरचे पक्षी एका वेळी उडाले. ठोकेदाराने वर बघितलं. डोक्यावर, हाताच्या अंतरावर, धुक्यात वाजवायचा बंदराचा भोंगा होता.

त्या भोंग्यापेक्षा जाड आवाज गावात नव्हता. पलीकडच्या गावातल्या खिडक्या त्याने थरथरत.

ठोकेदार भोंग्याकडे बघत राहिला. जाड आवाजही गेले होते, आणि कधी गेले हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे कडा पक्का नव्हता, पोकळही नव्हता. तो फक्त मुका होता, आणि त्याच्याखाली शेडींत बायका बसल्या होत्या.

त्या दुपारी जेवताना त्याने बायकोला सांगितलं. “मला ऐकू येत नाही.”

बायकोने घास तोंडात घातला, चावून खाल्ला आणि म्हणाली, “ते मला माहीत आहे.”

तो तिच्या ओठांकडे बघत होता. “तुला?”

“दोन वर्षं तुमच्या पाठीमागे उभी राहून तुम्हाला शिव्या घालतेय. एकदाही वळला नाहीत.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, माणसांचं ऐकू येत नाही, दगडांचं येत असेल. पुष्कळ नवऱ्यांचं असंच असतं.” मग तिचा हात ताटातच थांबला. “अहो, शेडीमागचा कडा?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? तुम्ही पक्का म्हणालात. मी तिथे उभी होते.”

“म्हणालो.”

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “उद्या मी कुठे बसू?”

“घरी बस.”

“आणि बाकीच्या?” त्याने ताटाकडे बघितलं. तिने त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. “पोट दुखतंय म्हणून मी घरी झोपते, आणि त्यांच्या डोक्यावर दगड पडला की कण्हत कण्हत बघायला जाते. असं करू?”

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामाला गेली. नेहमीच्या जागी बसली, कड्याकडे पाठ करून. ठोकेदार बंदराच्या ऑफिसात गेला.

साहेबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं. “तुम्हाला ऐकू येत नाही?”

“नाही, साहेब.”

“मग मी आत्ता काय विचारलं ते कसं कळलं?”

“तुमच्या तोंडाकडे बघून.”

“म्हणजे कळतं,” साहेब म्हणाले.

साहेब दुष्ट नव्हते. दोन वर्षं या माणसाला ऐकू येत नसेल, तर दोन वर्षांत पक्का ठरलेला सगळाच कडा संशयास्पद झाला. मग रस्ता बंद, रस्ता बंद म्हणजे धक्का बंद, धक्का बंद म्हणजे होड्या, शेडी, बर्फाचा कारखाना, सगळं बंद. आणि हे सगळं बंद करणारा माणूस एकच, ते स्वतः. एका बाजूला एवढा मोठा अनर्थ आणि दुसऱ्या बाजूला दोन कान. साहेबांनी कान बरे आहेत असं ठरवलं.

“तुम्ही दमला आहात,” ते एकेक शब्द वेगळा करून म्हणाले. “थोडे दिवस आराम करा. या वयात वाटतं असं. मलाही हल्ली वाचायला त्रास होतो, म्हणून मी काही आंधळा झालो नाही.”

“साहेब, निदान शेडीपुरतं तरी—”

“त्या बाईंची पेटी उत्तर देऊ शकली नव्हती. तुम्ही दिलंत. आता तुम्हीच ते परत घेऊ नका.”

संध्याकाळी मेहुणा घरी आला, तेव्हा बहिणीने त्याला सगळं सांगून टाकलं होतं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि ठोकेदाराकडे बघत म्हणाला, “दाजी, म्हणजे दोन वर्षं मी तुमच्याशी बोलतोय ते समुद्राला?”

“काही काही कळायचं.”

“मागच्या वर्षी त्या शिंपिणीबद्दल विचारलं होतं मी तुम्हाला. करू का विचारणा, म्हणून. तुम्ही मान डोलावलीत. मी गेलो, तिने नाही म्हटलं, वर तिच्या भावाने हाकललं.”

“तुला तिच्यासाठी यांचा सल्ला लागला?” बायको म्हणाली. “तिला तू कधी आवडला होतास?”

“ताई, मग तू सांगायचंस ना.”

“मला विचारलंस?”

मेहुणा हसला, मग आत येऊन बसला. त्याला फार वेळ गंभीर राहता येत नसे. “यात काय एवढं? मी खाली उतरतो. मला ऐकू येतं ना? टण्ण आणि ढब्ब मलाही कळतं, एवढी वर्षं वरून ऐकतोयच की. दाजी वर दोर धरतील. कान खाली, ताकद वर. पोकळ निघालं की मीच साहेबांना सांगतो, मग बघू कसे आराम करा म्हणतात.”

“आणि तू खालून ओरडलास तर यांना काय दिसणार? हे खुंट्याच्या मागे.”

त्यावर मेहुणा विचारात पडला. विचार करताना तो बहिणीच्या ताटातलं खात असे. “ओरडायचंच नाही,” तो म्हणाला. “दोराला हिसके देतो. एक हिसका, सोड. दोन, थांब. तीन, खेच. हातात दोर असेल तर हिसका कळणार नाही का?”

तिघांनाही ते पटलं. खाली ऐकणारा माणूस हवा होता, तो पाठवला. वर ऐकायचं काम उरलं होतं, ते दोरावर सोपवलं. ठोकेदाराने आपल्या बोटांबद्दल काही सांगितलं नाही. लपवलं असं म्हणता येणार नाही. कानांचं एवढं मोठं सांगून झाल्यावर बोटांचं सांगणं त्याला किरकोळ वाटलं. आणि या घरात एका दिवसात किती गोष्टी गेल्या म्हणून सांगायच्या, यालाही काही मर्यादा असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने शेडीतल्या बायकांना धक्क्यावर चहाला बाहेर काढलं. कारण सांगितलं नाही. माझ्या भावाची मजा बघायला चला, असं म्हणाली. बायका लगेच आल्या.

वर वारा होता. मेहुण्याने कंबरेला पट्टा बांधला, हातोडी अडकवली, आणि ठोकेदाराच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं मोठ्याने म्हणाला, “दाजी, जेवलात ना पोटभर? माझं वजन आहे.” मग तो उलटा होऊन कडेवरून खाली गेला.

ठोकेदाराने आयुष्यात पहिल्यांदा ही बाजू बघितली. समोर गवत, गवताची कड, कडेपाशी दोर खाली वळलेला, आणि त्यापुढे नुसतं आभाळ. खालचं काही दिसत नव्हतं. त्याने दोर दोन्ही हातांत धरला आणि डोळे त्यावर लावले. दोर वाऱ्याने सारखा थरथरत होता. सुरुवातीला मेहुण्याच्या वजनाने तो कडेवर इकडून तिकडे सरकला, तसा त्याने सोडत सोडत दिला. मग दोर थांबला. आता वाजवत असेल.

खाली काय झालं ते धक्क्यावरच्या सगळ्या बायकांनी ऐकलं. मेहुण्याने शेडीमागच्या कड्यावर हातोडी मारली आणि असा आवाज आला की ज्यांनी कधी दगड वाजवला नव्हता त्यांनाही कळलं. त्याने आणखी एका ठिकाणी मारली, आणखी एका. मग दोरावर गर्रकन फिरून तो धक्क्याकडे तोंड करून ओरडला, “पोकळ! ताई, सगळा पोकळ आहे, डब्यासारखा!” त्याच्या आवाजात आनंद होता. पहिल्याच दिवशी त्याला बरोबर उत्तर सापडलं होतं.

तेवढ्यात वरून थोडी माती घरंगळली. त्याने दोराला तीन हिसके दिले. थोडं थांबला, पुन्हा दिले. मग दोन्ही हातांनी दोर धरून झाडासारखा हलवला.

वर ठोकेदाराला दोर थरथरताना दिसत होता. तो आधीपासूनच थरथरत होता. हातांना काही कळलं नाही. मेहुणा जोरात ठोकतोय, त्याला वाटलं. सवय नाही, उगाच ताकद लावतोय.

मेहुणा ओरडायला लागला. बायको धक्क्यावरून जिन्याकडे धावली. कड्याच्या कडेने वर जाणारा तो दगडी जिना फार उंच होता, आणि भाऊ कितीही ओरडला तरी वर नवऱ्याला ऐकू येणार नाही, हे त्या सगळ्या गर्दीत फक्त तिला माहीत होतं. ती अर्ध्या जिन्यावर होती.

कड्याचा निकाल ठोकेदाराला तळपायांतून कळला. पायाखाली काहीतरी हललं. समोरच्या गवतात एक रेघ उमटली, काळी, पेनाने ओढल्यासारखी. मग रेघेपलीकडचं गवत सावकाश वाकलं आणि दिसेनासं झालं. दोराला असा हिसका बसला की खुंटा वाकला आणि त्याच्या तळव्यांची कातडी सोलून निघाली. त्यानंतर दोर सैल पडला. त्याने तो खेचला. पूर्ण वर येईपर्यंत खेचत राहिला. फार हलका होता.

शेडी गेल्या. आत कुणी नव्हतं. बायकांच्या बसायच्या जागी घराएवढे धोंडे पडले होते, आणि त्यांच्याखाली एकच माणूस होता. त्याला बाहेर काढायला बरेच दिवस लागले.

चौकशी झाली. ठोकेदाराचे कान तेव्हा उत्तम होते, हे साहेब आधीच सांगून बसले होते. त्यामुळे समितीपुढे एक विचित्र प्रश्न उभा राहिला : कान उत्तम होते, खालचा माणूस ओरडत होता हे तर सगळ्या धक्क्याने ऐकलं, मग यांनी खेचलं का नाही? अध्यक्षांनी हा प्रश्न विचारला तेव्हा ठोकेदार खिडकीबाहेर बघत होता. त्यांनी पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारताना आवाज एवढा चढला की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावला. ठोकेदार खिडकीबाहेरच बघत होता.

तेव्हा बायको उठली आणि म्हणाली, “साहेब, त्यांच्या समोर जाऊन विचारा. त्यांना दोन वर्षं ऐकू येत नाही. मला माहीत होतं.” ती मेलेल्या माणसाची बहीण होती, त्यामुळे कुणी तिला खोटं म्हणू शकलं नाही. साहेबांची बदली झाली, जवळच्याच, अधिक सपाट गावी. ठोकेदाराची नोकरी गेली आणि त्याला शिक्षा झाली नाही. घडलेला प्रकार नैसर्गिक आपत्ती होता असं ठरलं, आणि दगडापुरतं बोलायचं तर ते बरोबरच होतं.

वाक थोडा आणखी आत गेला. नवा कडा ताजा, लालकाळा दिसे. त्यातले थर आता स्पष्ट दिसत, वर काळा, खाली तांबूस, त्याखाली पिवळट. भूगर्भवाल्या बाई विद्यार्थ्यांना घेऊन ते दाखवायला आल्या. त्या ठोकेदाराच्या घराबाहेर थोडा वेळ उभ्या राहिल्या, पण दार वाजवलं नाही. फोटो काढायला येणाऱ्यांची संख्या वाढली.

घरात बायको त्याला वेळेवर जेवायला वाढी. लागेल तेवढं बोले, त्याच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं. इतर काही नाही. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं, पण आरडाओरडा हा त्याच्या बाबतीत वायाच गेला असता.

एका सकाळी ती ओट्यापाशी भाजी निवडत असताना त्याने विचारलं. विचारायला त्याने बरेच आठवडे लावले होते. “त्याने हाक मारली होती का?”

तिने हातातलं खाली ठेवलं आणि त्याच्याकडे तोंड केलं. “मारली.”

“खूप वेळ?”

“मी जिन्यावर होते. तोपर्यंत मारत होता.”

“काय म्हणाला?”

“आधी ‘खेच’ म्हणाला. मग तुम्हाला एक घाणेरडी शिवी दिली. मग नुसतं ‘दाजी’. ‘दाजी, दाजी’, असं.”

त्याने मान खाली घातली. मग तळहात उलटे करून तिच्यासमोर धरले. दोराने सोललेली कातडी आता भरून आली होती. “या बोटांना काही कळत नाही,” तो म्हणाला. “आधीपासून. ते मी त्या दिवशी सांगितलं नाही.”

तिने त्याच्या हातांकडे बघितलं.

“सांगायचं काय त्यात,” ती म्हणाली. “वर्षभर तुमच्या सदऱ्याची बटणं कोण लावतंय? त्या दिवशी मी तिथेच बसले होते. तो हिसक्यांचं बोलत होता आणि मी त्याला वाढत होते.”

मग ती पुन्हा ओट्याकडे वळली आणि भाजी निवडायला लागली. थोड्या वेळाने तिच्या मानेची शीर हलताना त्याला दिसली. ती बोलत होती. भिंतीकडे तोंड करून, न थांबता, एका हाताने ओटा घट्ट धरून ती बराच वेळ बोलत राहिली. दोन पावलं पुढे जाऊन बाजूला उभं राहिलं असतं, तर सगळं कळलं असतं. तो जागचा हलला नाही. जे चाललं होतं ते त्याच्यासाठी असेल किंवा तिच्या भावासाठी असेल. ती थांबेपर्यंत तो खुर्चीत बसून राहिला.